मशीनमागून ऐकलेली भाषणं

वाचकांचे प्रश्न, माईकवाल्याची उत्तरं

संपादकांचा फोन आला. म्हणाले, "भाषण कसं करावं याबद्दल वाचकांची पत्रं आलीत, उत्तरं द्याल का?" मी म्हटलं, साहेब, नंबर चुकला. मी भाषण करत नाही, भाषणाला माईक लावतो. ते म्हणाले, "म्हणूनच."

तर आधी ओळख. कोरेगाव तालुक्यात माझं साऊंड सर्व्हिसचं दुकान आहे. 1983 साली शाळा सुटली आणि मामाच्या हाताखाली लागलो. सायकलच्या कॅरियरला बॅटरी बांधलेली, खांद्यावर भोंगा. तेव्हापासून लग्नं, उरूस, पारायणं, निवडणुकीच्या सभा, शाळांची गॅदरिंगं, सत्कार, दहावे असं सगळं मशीनमागं बसून ऐकलं. किती भाषणं ऐकली त्याचा हिशोब नाही. ज्यांनी पैसे बुडवले ते कार्यक्रम मात्र तारखेसकट पाठ आहेत.

मशीन सभेच्या मागं नाहीतर कडेला असतं. त्यामुळं मला वक्त्याचं तोंड कमी आणि लोकांच्या पाठी जास्त दिसतात. भाषण रंगलंय की पडलंय ते पाठींवरून कळतं, पण त्याच्याही आधी कळतं ते खुर्च्यांवरून. मंडपवाल्याच्या प्लॅस्टिकच्या खुर्चीत माणूस चुळबुळला की ती कुरकुरते. एकाची ऐकू येत नाही. दोनशे माणसं कंटाळली की भुईमुगाच्या शेंगा पोत्यात ओतल्यासारखा आवाज येतो. वक्त्याला तो ऐकू येत नाही, त्याच्या कानात त्याचाच आवाज भरलेला असतो. मला येतो. खाली जे काही लिहिलंय ते त्या आवाजाच्या भरवशावर. पुस्तकं मी वाचलेली नाहीत.

प्रश्न : मी महिला राखीव जागेवरून सरपंच झाले. 26 जानेवारीच्या ग्रामसभेत बोलायचं आहे. मागच्या वेळी लिहून दिलेलं भाषण वाचलं. चौथ्या ओळीला मागून कुणीतरी "मालकांना बोलवा" म्हणून ओरडलं, सगळे हसले. मी वाचत राहिले, पण काय वाचलं ते मलाच आठवत नाही. या वेळी काय करू? (एक सरपंच, खटाव तालुका)

ताई, तुमच्या हातातल्या कागदावर काय होतं ते मी न बघता सांगतो. "आज या ठिकाणी", "शासनाच्या विविध योजनांच्या माध्यमातून", "गावाचा सर्वांगीण विकास". बरोबर ना? तो कागद दप्तरात लावण्यासाठी लिहिलेला असतो. त्यात तुमचं गाव कुठंच नसतं. मग मागच्या पोराला ओरडायला मोकळी जागा मिळते.

आपल्याकडं 2011 पासून पंचायतीतल्या निम्म्या जागा बायकांना आहेत, त्यामुळं तुमच्यासारख्या बऱ्याच ताई मी माईकसमोर बघितल्या. पहिल्या वर्षी कागद घट्ट धरलेला असतो, दुसऱ्या वर्षी पदरात, तिसऱ्या वर्षी नसतोच. एका ताईंनी मात्र पहिल्याच सभेत कागद टेबलावर ठेवला आणि विचारलं, "नळाला पाणी किती दिवसांनी येतं?" लोक म्हणाले, चार. "किती वेळ?" पाऊण तास. "वरच्या आळीला?" वरच्या आळीच्या बायका म्हणाल्या, येतच नाही. मग ताईंनी सांगितलं, पाणीपट्टी एवढी थकलीय, मोटार दुरुस्तीला एवढे गेले, आता पाईप वरून टाकायचा तर एवढे लागतील, काय करायचं बोला. आकडे तीनच होते. खुर्च्या गप्प.

माझ्याकडं गाडगेबाबांच्या कीर्तनाचं जुनं रेकॉर्डिंग आहे. रात्री कार्यक्रम आटोपून टेम्पोतून परत येताना लावतो. त्यात बाबा उपदेश सरळ करतच नाहीत, विचारतात. लोक उत्तर देतात, त्या उत्तरालाच धरून पुढचा प्रश्न. अमरावतीकडचा, शाळेची पायरी न चढलेला, वऱ्हाडीत बोलणारा माणूस, पण हजारोंच्या तोंडून हवं ते वदवून घ्यायचा. आणि गोष्ट एवढ्यावरच थांबत नाही. बाबा गावात आले की आधी दिवसा खराटा घेऊन गाव झाडायचे, कीर्तन रात्री. म्हणजे माणूस तोंड उघडायच्या आत गावानं त्याला काम करताना पाहिलेलं असायचं. तुम्ही सभेच्या दिवशी सकाळी पाण्याच्या टाकीपाशी जाऊन या. चार जण बघतील. तुमच्या भाषणाचं पहिलं वाक्य तिथंच होऊन जाईल.

प्रश्न असा विचारा की ज्याचं उत्तर सगळ्यांना माहीत आहे आणि ते एका शब्दात देता येतं. "विकास म्हणजे काय?" असं विचारलंत तर गावातले तीन पुढारी उभे राहतील आणि माईक तुमच्या हातात परत येणार नाही.

आता ओरडणाऱ्याचं. त्याच्या आवाजावर आवाज चढवू नका. आवाज मोठा करायचं काम माझ्या मशीनचं आहे, तुम्ही ओट्यावर बोलता तेवढ्याच बोला. त्याच्याकडं बघा, मनात तीन आकडे मोजा. माईक तुमच्या हातात आहे, त्याच्या नाही, हे तेवढ्यात सगळ्यांना समजतं. मग त्याचं नाव घेऊन म्हणा, "रस्त्याचा विषय तिसरा आहे, तेव्हा तुम्हीच आधी बोला." नाव घेतलं की निम्मे गार पडतात. आणि पुन्हा "मालकांना बोलवा" आलंच, तर वर सांगितलेल्या ताईंनी जे म्हटलं ते तुम्हाला उसनं देतो : "मालक रानात गेलेत. सरपंच इथं उभी आहे."

प्रश्न : काका, मी सातवीत आहे. तालुक्याच्या वक्तृत्व स्पर्धेत सावित्रीबाई फुले यांच्यावर बोलले. सगळं पाठ होतं. मध्येच एक शब्द अडकला आणि पुढचं सगळं गेलं. सर म्हणाले पाठांतर कमी पडलं. खरंच कमी पडलं का?

पोरी, कमी नाही, जास्त झालं.

माझ्या दुकानात अजून कॅसेटचा एक खोका आहे. कॅसेटची फीत एका जागी अडकली की पुढची गाणी वाजत नाहीत, मग पेन्सिल घालून फिरवत बसायचं. तू भाषण कॅसेटसारखं भरलंस. ते मोबाईलमधल्या गाण्यांसारखं भर. एक बिघडलं तर पुढच्यावर बोट ठेवायचं.

सावित्रीबाईंचंच घे. पहिला तुकडा नायगाव. आपल्याच सातारा जिल्ह्यातलं गाव, 3 जानेवारी 1831 चा जन्म. दुसरा पुण्यातला भिडेवाडा, 1848, मुलींची शाळा. तिसरा त्यांच्या जवळचं दुसरं लुगडं : शाळेत जाताना लोक शेण-चिखल फेकायचे म्हणून बदलायला न्यायच्या ते. चौथा 1897 चा प्लेग, आजारी मुलाला पाठीवर घेऊन दवाखान्यात नेणं, आणि त्याच साथीत 10 मार्चला त्यांचं जाणं. झाले चार तुकडे. प्रत्येकाचं डोळ्यांपुढं एक चित्र. चित्र दिसलं की शब्द आपोआप येतात. रोज वेगळे आले तरी चालतील, यायलाच पाहिजेत वेगळे. लुगड्यापाशी अडकलीस तर प्लेगला जा. लुगडं राहिलं हे परीक्षकांना कळणारही नाही, त्यांच्याकडं तुझी वही नसते.

पाठ करायची दोनच वाक्यं. पहिलं आणि शेवटचं. पहिलं, कारण तेव्हा छाती धडधडत असते. शेवटचं, कारण ते पाठ नसलं की मुलं "एवढं बोलून मी माझे दोन शब्द संपवते" असं म्हणून पळ काढतात.

आणि ते "आदरणीय व्यासपीठ" सोडून दे. व्यासपीठ म्हणजे मंडपवाल्याच्या फळ्या, खाली पिंपं. त्यांचा कसला आदर? मी स्पर्धेला माईक लावतो तेव्हा ओळीनं चाळीस मुलं तेच म्हणतात. परीक्षकांची मान चाळीस वेळा कागदात जाते. तू उभी राहा, नमस्कार कर, आणि सरळ म्हण, "त्यांच्याकडं दोन लुगडी असायची." बघ माना वर येतात की नाही. सरांना चालत नसेल तर नमस्काराचं वाक्य छोटं कर. मार्कांसाठी सरांशी भांडू नकोस.

सरावाला आरसा नको. आजी गहू निवडत असेल तेव्हा तिला सांग. तिचा हात थांबला तर ती जागा चांगली, हात चालूच राहिला तर ती जागा काप. लांबीचा अंदाज हवा असेल तर, घड्याळ लावून मी स्वतः मोजलंय, निवांत बोलणारा माणूस मिनिटाला शंभर-एकशेदहा शब्द बोलतो. आठ मिनिटांना साडेआठशे फार झाले. तुझ्या वहीत बाराशे असणार. मोज आणि मला कळव.

अडखळून गप्प झालीस, ते तुला तासभर वाटलं असेल. इकडं मागं दोन सेकंद होतात. लोकांना वाटतं पोरगी विचार करतेय.

प्रश्न : मी महाविद्यालयात शिकवतो. भाषणाला उभा राहिलो की माईक शिट्टी मारतो. मी माईकवाल्याकडं रागानं बघतो, त्याचा उपयोग होत नाही. याशिवाय हात थरथरतात.

सर, तो माईकवाला मी नव्हतो ना? कारण रागानं बघणारे बरेच जण माझ्या लक्षात आहेत.

शिट्टी का वाजते ते सांगतो. तुमचा आवाज माईकमधून मशीनमध्ये, मशीनमधून बॉक्समध्ये, म्हणजे स्पीकरमध्ये, जातो. बॉक्सचा आवाज माईकनं परत ऐकला की तोही मशीनमध्ये जातो, मोठा होऊन बाहेर येतो, माईक तोही ऐकतो. हे चक्र फिरत राहिलं की शिट्टी. माईक बॉक्सच्या पुढं गेला, बॉक्सकडं वळला किंवा मी आवाज फार वाढवला तर वाजणारच. आणि मला आवाज का वाढवावा लागतो? कारण तुम्ही माईक पोटापाशी धरता. तोंडापासून अंतर दुप्पट झालं की माईकपर्यंत पोचणारी ताकद चौथाई होते. मग मी बटण फिरवतो, शिट्टी वाजते, तुम्ही घाबरून माईक आणखी लांब नेता, मी आणखी फिरवतो. दोघं मिळून कार्यक्रम घालवतो.

शिट्टी वाजली की बरेच जण माईकची जाळी मुठीत धरतात. हे आगीत रॉकेल. माईकच्या डोक्याला मागून भोकं असतात, त्यांच्यामुळं त्याला समोरचं जास्त आणि मागचं कमी ऐकू येतं. ती मुठीत झाकली की बिचाऱ्याला चहूबाजूंनी ऐकू यायला लागतं. दांडी धरा, हनुवटीच्या समोर चार बोटांच्या अंतरावर ठेवा, थोडा तिरका. तिरका अशासाठी की प, फ, ब, भ म्हणताना तोंडातून हवेचा झोत निघतो. सरळ जाळीवर गेला की बॉक्समध्ये ढुप्प होतं. "भारतभूमीच्या भव्य भवितव्यासाठी" असं एक वाक्य मी ऐकलंय, त्यात माझ्या बॉक्सचा पडदा फाटायचा राहिला.

बोटानं टकटक नको, फू फू तर नकोच. "नमस्कार" म्हणा, त्यात आम्हाला सगळं कळतं. पोडियमच्या माईकची मान आधीच्या वक्त्याच्या उंचीला वाकवलेली असते. ती आपल्याला हवी तशी करून मगच बोला. त्यात पाच सेकंद गेले तर कुणी ओरडत नाही, उलट आलेला माणूस घाबरलेला नाही असं दिसतं. कॉलर माईक लावणाऱ्या ताईंसाठी एक आगाऊ सूचना : तो मंगळसूत्राच्या वाटेत लावू नका. मणी घासले की मागच्या माणसाला वाटतं कुणी चुरमुरे खातंय.

मोठ्या मैदानावर आणखी एक गंमत होते, ती कुणी सांगत नाही. आवाज हवेतून सेकंदाला साधारण 340 मीटर जातो, तारेतून मात्र लगेच पोचतो. मैदानाच्या पलीकडच्या टोकाला 70 मीटरवर भोंगा असेल तर तुमचाच शब्द सेकंदाच्या पाचव्या भागानं उशिरा तुमच्या कानावर परत येतो. तेवढा उशीर चांगल्या माणसाची जीभ अडखळवायला पुरतो. मोठमोठे वक्ते झेंडावंदनाला तोतरे होताना मी पाहिलेत, आणि दोष त्यांनी स्वतःच्या वयाला दिला. अशा वेळी वाक्यं छोटी करा, एक वाक्य संपलं की ते परत येऊन विरू द्या, मग दुसरं. नाहीतर आधीच माईकवाल्याला म्हणा, "एक बॉक्स माझ्याकडं तोंड करून ठेवता का?" बॉक्स माईकच्या पाठीमागच्या दिशेला ठेवला तर शिट्टीही सहसा येत नाही. कार्यक्रमाच्या अर्धा तास आधी येऊन माईकवाल्याशी दोन शब्द बोलणारा वक्ता मी आयुष्यात फार थोड्या वेळा बघितला. त्याच्यासाठी आम्ही जीव टाकतो.

हाताचं सोपं आहे. थरथर बंद होत नाही, ती दिसू द्यायची नाही. सुट्टा कागद पिंपळाच्या पानासारखा हलतो आणि त्याचा आवाज माईक टिपतो. मुद्दे पोस्टकार्डावर लिहा. पोस्टात अजून 50 पैशांना मिळतं, जाड असतं, तळव्यात मावतं, आणि त्यावर पूर्ण भाषण मावत नाही, हाच त्याचा मोठा गुण. एका ओळीत तीन-चार शब्द, अक्षर मोठं. बोलायच्या आधी श्वास आत घेण्यापेक्षा बाहेर सोडण्यावर भर द्या, सावकाश, चार-पाच वेळा. घाबरलेल्या माणसाची छाती आधीच भरलेली असते, वर आणखी हवा भरली की आवाज चिरकतो.

आपल्याकडं फलटणच्या प्राचार्य शिवाजीराव भोसल्यांना ऐकलेली पिढी अजून आहे. ते हातात चिठोरंही न घेता बोलायचे, हे सगळे सांगतात. ते ऐकून लोक कागद टाकून देतात. टाकू नका. त्या माणसाच्या मागं किती वर्षांचं वाचन होतं ते कुणी सांगत नाही.

प्रश्न : सूत्रसंचालनासाठी चांगल्या चारोळ्या कुठं मिळतील?

मिळू नयेत अशी माझी इच्छा आहे.

प्रश्न : जिल्हा परिषदेच्या शाळेतून या महिन्यात निवृत्त होतेय. निरोपाला उत्तर द्यायचं आहे. छत्तीस वर्षांचे आभार कसे मानू? आणि रडू आलं तर?

बाई, नमस्कार. निरोप समारंभात सगळ्यात जास्त खुर्च्या कुरकुरतात त्या आभाराच्या यादीला. केंद्रप्रमुख, विस्तार अधिकारी, शाळा व्यवस्थापन समिती, पोषण आहाराच्या ताई, मग "ज्यांची नावं अनवधानानं राहिली असतील". यादीतला प्रत्येक माणूस आपलं नाव येईपर्यंत ऐकतो, नाव आलं की उठून चहाकडं जातो. यादी आभाराच्या माणसाला द्या. तुम्ही दोन-तीनच नावं घ्या, पण प्रत्येकाबरोबर एक घडलेली गोष्ट सांगा. गोष्टीत जे नसतील तेही ऐकतात.

एक समारंभ सांगतो. अशाच एक बाई होत्या, लहान गाव, पत्र्याचं शेड. सत्कार झाला, शाल-श्रीफळ झालं, बाई उठल्या आणि पिशवीतून एक जुनी वही काढली. त्यांच्या पहिल्या वर्गाच्या हजेरीची त्यांनी स्वतःसाठी केलेली नक्कल. काही न बोलता नावं वाचायला लागल्या. पहिल्या नावाला कुणी ओ दिली नाही, कुणाला कळलंच नाही. दुसऱ्याला मागून एक पंचेचाळिशीचा बाप्या म्हणाला, "हजर, बाई." मग धडाधड सुरू झालं. मुंबईहून आलेले, सोसायटीचा चेअरमन, एसटीचा कंडक्टर. एका नावाला कुणी बोललं नाही. पुढच्या बाकावरच्या बाईनं पदर डोळ्याला लावला. गुरुजीबाई थांबल्या, त्या नावापुढं बोट ठेवून जरा वेळ उभ्या राहिल्या, आणि पुढचं नाव वाचलं. भाषण संपूर्ण एवढंच. मी मशीनवरचा हात काढून घेतला होता, करण्यासारखं काहीच नव्हतं.

तुम्ही हेच करू नका, बाई. तालुक्यात दुसऱ्यांदा झालं की त्याचा खेळ होतो. पण तुमच्याही कपाटात असं काहीतरी असेल. एखाद्याची जप्त केलेली गोटी, परत न नेलेला डबा. ते शोधा, ते हातात धरून बोला.

रडू आलं तर येऊ द्या, फक्त माईक तोंडापासून खाली घ्या. हुंदका माईकवर फार मोठा होतो आणि मग लोकांना बघवत नाही. "माफ करा" म्हणू नका. आधीच ठेवलेलं कोमट पाणी घोटभर प्या, मागच्या भिंतीकडं बघा, तुमच्या लेकीकडं नाही. आणि ज्या वाक्याला रडू येणार हे घरीच कळलंय ते वाक्य सुरुवातीला ठेवू नका, नाहीतर पुढचं सगळं वाहून जाईल.

प्रश्न : आजोबांच्या दहाव्याला नातू म्हणून चार शब्द बोलायला सांगितलंय. पुण्यात नोकरी करतो, मराठीत बोलायची सवय गेलीय.

भाऊ, तीन मिनिटं. नदीकाठी उन्हं चढलेली असतात, लोक कावळ्याकडं डोळे लावून बसलेले असतात, त्यात पुढारी मंडळी श्रद्धांजली वाहता वाहता रस्त्याच्या निधीवर घसरलेली असतात. "न भरून येणारी पोकळी", "पंचक्रोशीचा आधारवड" हे त्यांचं झालेलं असेल. तुम्ही आजोबांच्या खिशात काय असायचं ते सांगा. चंची, बसचं तिकीट, नातवाला द्यायची लिमलेटची गोळी, जे खरं असेल ते. मराठी अडखळली तरी चालेल. तिथं सफाईदार बोलणाऱ्यावर लोक कमीच विश्वास ठेवतात.

प्रश्न : आमच्या गावच्या व्याख्यानमालेत मला प्रमुख वक्ता म्हणून बोलावलंय. अनुभव असा की स्वागत, प्रास्ताविक, सत्कार यांतच वेळ जातो आणि माझी पाळी रात्री पावणेदहाला येते. तासाभराची तयारी वाया जाते.

हे दुखणं मी तुमच्यापेक्षा जास्त भोगलंय, कारण दहाच्या पुढं वाजलं की पोलीस तुम्हाला विचारत नाहीत, मला विचारतात. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांप्रमाणं रात्री दहा ते सकाळी सहा भोंगा बंद. सणासुदीला वर्षातले ठराविक दिवस सरकार बारापर्यंत सूट देतं, पण तुमच्या व्याख्यानमालेला ती मिळेल असं धरून चालू नका.

पुण्याची वसंत व्याख्यानमाला न्यायमूर्ती रानड्यांनी 1875 मध्ये सुरू केली. तेव्हा ना माईक होता ना माझ्यासारखा कुणी. शेवटच्या माणसापर्यंत स्वतःच्या छातीनं पोचायचं, म्हणजे गळ्याला झेपेल तेवढंच बोलायचं. माईक आला आणि ही मोजणी गेली. आता गळा दुखत नाही म्हणून प्रास्ताविकवाला अर्धा तास बोलतो, तुमच्या विषयातले दोन मुद्देही सांगून टाकतो.

त्यामुळं तयारी तीन मापांची करा : चाळीस मिनिटांची, वीसची, आणि सातची. सातची सगळ्यात आधी करा. तुमच्याकडं सांगण्यासारखं एकच काहीतरी आहे, ते सात मिनिटांत जे उरतं ते. बाकीचे दाखले आहेत, वेळ मिळाला तर जोडायचे. लोक उलट करतात. तासाचं भाषण घेऊन येतात आणि दहा मिनिटांत ते पळवत म्हणून दाखवतात. ऐकणाऱ्याला धावत्या एसटीच्या खिडकीतून गाव बघितल्यासारखं होतं.

"वेळेअभावी" हा शब्द वापरू नका. तो बोललात की लोकांना कळतं काहीतरी चांगलं राहून गेलं आणि मिळतंय ते उष्टं. आयोजकांची तक्रार माईकवर नको, ती जेवताना करा. आणि "शेवटचे दोन शब्द सांगतो" हे खरंच शेवटीच म्हणा. हे वाक्य ऐकलं की मागच्या चार ओळी पायानं चपला चाचपायला लागतात. त्यानंतर तुमच्याकडं एक मिनिट असतं. एक वक्ते हे वाक्य बोलून बावीस मिनिटं बोलले. मी घड्याळ लावलं होतं.

वेळ संपत आली की मी चिठ्ठी पाठवतो. काही जण ती न वाचता खिशात घालतात, काही जण पाण्याच्या ग्लासाखाली ठेवतात. एका साहेबांनी मात्र बोलण्याच्या भरात ती मुद्द्यांचा कागद समजून मोठ्यानं वाचली : "साहेब, दहाला पाच कमी आहेत, मशीन बंद करतोय." त्या रात्रीच्या सगळ्यात जास्त टाळ्या त्याला पडल्या.